अमेरिकन संगीताची मुळे आणि त्याचा भारतातील प्रवास : न्यू ऑर्लिन्स, मुंबई, दिल्ली

प्रस्तावना

‘पाश्चात्त्य संगीत’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. व्हिएन्नात लिहिली गेलेली सिम्फनी, न्यू ऑर्लिन्समध्ये घडलेला जॅझ आणि न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेले हिपहॉप, हे सारे आपण एकाच खणात टाकतो. इतिहासाच्या दृष्टीने ही वर्गवारी अपुरी आहे. ब्लूज, गॉस्पेल, जॅझ, रॉक आणि हिपहॉप यांचा उगम केवळ युरोपात शोधला तर तो सापडणार नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत आणलेली माणसे आणि त्यांचे वंशज यांचा या संगीताच्या घडणीतील वाटा सर्वांत मोठा आहे.

हे संगीत आपल्याकडे कसे आले, याबद्दलही एक समजूत असते की ते ग्रामोफोनच्या तबकड्यांतून आणि हॉलिवूडच्या चित्रपटांतून आले. हे खरे आहे, पण अर्धेच. ते माणसांबरोबरही आले. १९३५ पासून आफ्रिकन-अमेरिकन वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. त्यांचे वादन गोव्याहून आलेल्या वादकांनी आत्मसात केले आणि हिंदी चित्रपटसंगीतात नेले. पुढे शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारने हेच संगीत आपला दूत म्हणून दिल्लीत पाठवले.

या पाठात आपण हा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहणार आहोत. वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवा : संगीत घडवले कोणी आणि त्यावर नाव कोणाचे लागले? अमेरिकेतही हा प्रश्न विचारावा लागतो आणि मुंबईतही.

१. अमेरिकन संगीताची मुळे

१६१९ मध्ये व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत आफ्रिकन माणसे आणल्याची नोंद आहे. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षे गुलामगिरीची व्यवस्था टिकली. जहाजातून येणाऱ्या माणसाला सोबत वाद्य, ग्रंथ वा पोशाख आणता येत नव्हता. पण लय, सूर लावण्याची ढब, वाद्य बनवण्याचे कसब आणि एकत्र गाण्याची रीत या गोष्टी कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते.

मळेवाल्यांना या संगीताची भीतीही वाटत होती. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायना वसाहतीत स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले. बंडखोर ढोल वाजवत पुढे निघाले होते. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तेथे कायदा करून गुलामांना ढोल आणि मोठ्या आवाजाची वाद्ये बाळगण्यास बंदी घालण्यात आली. ढोल गेला, तेव्हा टाळ्या, पायांचे ठोके आणि स्वतःचे शरीर हीच तालवाद्ये झाली. अमेरिकन संगीतातील लयीचा इतिहास समजून घेताना हा कायदा विसरून चालत नाही.

बँजोचे उदाहरण बोलके आहे. आज हे वाद्य अमेरिकेतील गोऱ्या ग्रामीण संगीताचे प्रतीक मानले जाते. प्रत्यक्षात भोपळ्यावर कातडे ताणून बनवलेल्या पश्चिम आफ्रिकी तंतुवाद्यांच्या कुळातले ते आहे. थॉमस जेफरसन यांनी अठराव्या शतकातच, हे वाद्य गुलामांनी आफ्रिकेतून आणले, असे लिहून ठेवले आहे. (गणपतीच्या मिरवणुकीतील ‘बँजो पार्टी’ तुम्हाला आठवली असेल. ते वाद्य वेगळे, बुलबुलतरंगाच्या जातीचे आहे. साम्य फक्त नावात आहे.)

शेतात काम करताना एकाने ओळ म्हणायची आणि इतरांनी तिला उत्तर द्यायचे, ही ‘हाक आणि प्रतिसाद’ रीत या परंपरेचा कणा आहे. मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, भजनात बुवांच्या मागे टाळकरी असतात. कापणीच्या वेळची भलरी आणि जात्यावरची ओवी हीसुद्धा श्रमाबरोबर जन्मलेली गाणी आहेत. फरक परिस्थितीचा आहे. अमेरिकेतील गुलामाच्या श्रमावर, शरीरावर आणि मुलाबाळांवरही कायद्याने मालकाची मालकी होती. त्यामुळे त्याच्या गाण्यात उघड अर्थाखाली दुसरा, लपवलेला अर्थ ठेवण्याची गरज अधिक होती. बायबलमधील इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटणाऱ्या इस्रायली लोकांची कथा गाताना गाणाऱ्याला स्वतःची सुटकाही अभिप्रेत असे. या धार्मिक गीतांना ‘स्पिरिच्युअल’ म्हणतात.

युरोपीय धारा येथे गौण नव्हती. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी कथागीते आणि फिडल आणले. चर्चमधून प्रार्थनागीते आणि स्वरमेळाची पद्धत आली, लष्करी बँडमधून पितळी वाद्ये आली. दक्षिणेकडे स्पॅनिश आणि फ्रेंच वसाहतींचे संस्कार होते. मूळनिवासी समाजांची स्वतःची संगीतपरंपरा होती आणि आजही आहे. अमेरिकन संगीत या साऱ्यांच्या सहवासातून घडले. पण हा सहवास समान पातळीवरचा नव्हता. म्हणूनच केवळ ‘संगम’ हा गोड शब्द वापरून इथे थांबता येत नाही.

२. मुक्तीनंतर : खरा आवाज आणि रंगवलेला चेहरा

यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. १८६६ मध्ये नॅशव्हिल येथे मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी फिस्क ही शिक्षणसंस्था सुरू झाली. पैशांची चणचण भासू लागली, तेव्हा १८७१ मध्ये तिच्या विद्यार्थ्यांचे एक गायकपथक निधी गोळा करण्यासाठी दौऱ्यावर निघाले. हेच ‘फिस्क जुबिली सिंगर्स’. त्यांनी स्पिरिच्युअल गीते सभागृहात नेली. १८७३ मध्ये ते इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर गायले.

त्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. फुल्यांनी हे पुस्तक गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले आहे. अमेरिकेतील गुलामांची मुक्ती आणि महाराष्ट्रातील शूद्रातिशूद्रांची मुक्ती यांतील नाते मराठीत इतक्या लवकर ओळखले गेले होते. जुबिली सिंगर्सची परंपरा पुढे नेणारे फ्रेडरिक लाउडिन यांचे पथक १८८४ ते १८९० या काळात जगाच्या दौऱ्यावर होते आणि त्या प्रवासात ते भारतातही आले.

पण तोपर्यंत अमेरिकन संगीताचे एक वेगळेच रूप जगभर पोचले होते. १८३० च्या दशकापासून गोरे नट चेहऱ्याला काजळी फासून काळ्या माणसाची नक्कल करीत. या खेळांना ‘मिन्स्ट्रेल शो’ म्हणत. टी. डी. राइस या नटाने रंगवलेल्या अशाच एका पात्राचे नाव ‘जिम क्रो’ होते. पुढे दक्षिणेतील वर्णभेदी कायद्यांनाच हे नाव पडले. म्हणजे सूर आणि ताल काळ्यांकडून उचललेले, हसू त्यांच्यावरच आणि तिकिटाचे पैसे दुसऱ्याच्या खिशात. ‘नाव कोणाचे’ या आपल्या प्रश्नाचे हे पहिले मोठे उदाहरण.

स्पिरिच्युअल गीतांचा भारताशी आणखी एक धागा आहे. १९३६ च्या फेब्रुवारीत आफ्रिकन-अमेरिकन धर्मविचारक हॉवर्ड थर्मन, त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन आणि त्यांचे सहकारी बारडोली येथे महात्मा गांधींना भेटले. गांधींनी त्यांना त्यांची गीते गाण्याची विनंती केली आणि त्यांनी ती गायली. याच भेटीत गांधींनी, अहिंसेचा निखळ संदेश कदाचित कृष्णवर्णीय अमेरिकनांकडूनच जगाला मिळेल, असा विचार मांडला. त्या भेटीत गाणे हा करमणुकीचा भाग नव्हता. एका दडपलेल्या समाजाने दुसऱ्याला दिलेली ती ओळख होती.

३. ब्लूज, जॅझ आणि नोंदीचे राजकारण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत ब्लूज आकाराला आला. त्याचे रूढ रूप बारा बारचे असते. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन. त्यात गंधार आणि निषाद हे स्वर कोमल व शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी, किंचित कलते लावले जातात. त्यांना ‘ब्लू नोट्स’ म्हणतात. पियानोच्या पट्ट्यांमध्ये हे स्वर सापडत नाहीत. मींड आणि श्रुती यांची सवय असलेल्या आपल्या कानाला मात्र ते लगेच कळतात.

न्यू ऑर्लिन्स हे लुइझियाना राज्यातील बंदर. तेथील काँगो स्क्वेअर या मैदानात रविवारी गुलामांना एकत्र जमून गाण्या-नाचण्याची मुभा होती. फ्रेंच, स्पॅनिश, कॅरिबियन आणि आफ्रिकी संस्कार या शहरात शेजारी शेजारी नांदत होते. मिश्र वंशाचे ‘क्रिओल’ लोक युरोपीय पद्धतीचे संगीतशिक्षण घेतलेले होते. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच राज्यातील प्लेसी खटल्यात वर्णविभाजन वैध ठरवले. त्या काळात क्रिओल आणि काळे यांना एकाच बाजूला ढकलले गेले. नोटेशन वाचणारे आणि कानाने वाजवणारे वादक जवळ आले. ब्लूज, रॅगटाइम आणि मिरवणुकीतील बँड यांतून जॅझ उभा राहिला. लुई आर्मस्ट्राँग (जन्म १९०१) हे याच शहरातील गरीब वस्तीचे अपत्य.

आता नोंदीकडे पाहा. १९१७ मध्ये जॅझची पहिली ग्रामोफोन रेकॉर्ड निघाली. ती काळ्या वादकांची नव्हती. ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड’ या गोऱ्या वादकांच्या बँडची होती. या बँडचे निक लारोका यांनी पुढे, जॅझच्या निर्मितीत काळ्या लोकांचा वाटाच नाही, असा दावा केला. इतिहासात जी पहिली नोंद मिळते ती पहिली घटना असतेच असे नाही, हा धडा येथे लक्षात ठेवा.

१९२० मध्ये मॅमी स्मिथ यांची ‘क्रेझी ब्लूज’ ही रेकॉर्ड खूप खपली आणि काळा ग्राहकही बाजारात आहे, हे कंपन्यांना कळले. मग रेकॉर्डचे दोन कप्पे झाले. काळ्यांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि ग्रामीण गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. प्रत्यक्षात वादक एकमेकांचे ऐकत होते, शिकत होते. कंट्री संगीताचा पाया घालणाऱ्या कार्टर कुटुंबातील ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला हिंडत, तेव्हा त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हे काळे गिटारवादक असत. कार्टर शब्द टिपून घेत आणि रिडल चाली लक्षात ठेवत. बाजारात नाव राहिले ते कार्टर यांचे.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. प्रत्येक देवाणघेवाण ही चोरी नसते. ‘हाउंड डॉग’ हे गाणे आधी बिग मामा थॉर्नटन यांनी गायले आणि १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली यांनी ते जगभर पोचवले. पण ते लिहिले होते लीबर आणि स्टोलर या दोन तरुण ज्यू गीतकारांनी. म्हणून ‘काळ्यांचे संगीत गोऱ्यांनी पळवले’ एवढे एकच वाक्य पाठ करून भागत नाही. कोणी लिहिले, कोणी गायले, हक्क कोणाकडे होते, पैसे कोणाला मिळाले, हे प्रत्येक वेळी वेगवेगळे तपासावे लागते.

४. मुंबई : ताजमहाल हॉटेलातील वादक

१९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेतील अनेक वादकांचे काम गेले. काळ्या वादकांच्या वाट्याला त्यात वर्णभेदही होता. वाजवायचे त्या हॉटेलात त्यांना राहता येत नसे, अनेक ठिकाणी पुढच्या दाराने आतही जाता येत नसे. पॅरिस, शांघाय अशा शहरांत त्यांना काम आणि बरी वागणूक मिळे. याच मार्गावर मुंबई होती.

१९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड यांनी शिकागोत लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर एकाच वाद्यवृंदात काम केले होते. नंतर शांघायमध्ये बरीच वर्षे काढून ते भारतात आले. दुसऱ्या महायुद्धात कलकत्त्यात अमेरिकन सैनिकांची गर्दी होती. तेथील ग्रँड हॉटेलात वेदरफोर्ड यांचा बँड होता. १९४५ मध्ये पटकीच्या आजाराने त्यांचा कलकत्त्यातच मृत्यू झाला. अमेरिकन जॅझच्या पुस्तकांत त्यांना फार जागा नाही, कारण ज्या वर्षांत तो इतिहास लिहिला जात होता, त्या वर्षांत ते आशियात होते. पत्रकार नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकाने हा काळ पुन्हा प्रकाशात आणला.

ताजच्या नृत्यदालनातील श्रोतृवर्ग म्हणजे इंग्रज अधिकारी, संस्थानिक आणि शहरातील धनिक. सामान्य मुंबईकराला तेथे प्रवेश नव्हता. मग हे संगीत त्या दालनाबाहेर कसे आले? ते वादकांच्या मार्फत आले.

५. गोव्याचे वादक आणि हिंदी चित्रपट

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना संगीत शिकवले जाई. सोल्फेजिओ म्हणजे स्वरवाचन, व्हायोलिन आणि समूहगायन यांचे पाठ लहानपणीच होत. शिकवणाऱ्या ‘मेस्त’ची शिस्त कडक असे. हेतू धार्मिक होता. पण त्यातून नोटेशन अस्खलित वाचणारे वादक पिढ्यान् पिढ्या तयार झाले. गोव्यात रोजगार कमी, म्हणून हे वादक मुंबईला येत आणि धोबी तलाव परिसरातील आपापल्या गावाच्या ‘कुडां’त उतरत. लष्करी बँड, मूकपटांचे वाद्यवृंद, संस्थानिकांचे बँड आणि हॉटेले ही त्यांची कामाची ठिकाणे.

जॅझने त्यांच्यापुढे नवीन आव्हान ठेवले. जॅझमध्ये कागदावर लिहिलेले वाजवून भागत नाही. वादकाला आपल्या पाळीला त्या क्षणी नवे रचावे लागते. हे शिक्षण त्यांना रेकॉर्ड ऐकून आणि मुंबईत आलेल्या अमेरिकन वादकांच्या सहवासातून मिळाले. आल्दोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. हातातील रुमालापासून घोगऱ्या आवाजापर्यंत आर्मस्ट्राँगची छाप त्यांच्यावर होती.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बदलली. इंग्रज श्रोते गेले, संस्थाने विलीन झाली आणि मुंबईत १९४९ च्या कायद्याने दारूबंदी कडक झाली. हॉटेलांतील नृत्यदालनांचे उत्पन्न घटले. याच सुमारास चित्रपटांना मोठे वाद्यवृंद हवे होते. वादक हॉटेलातून स्टुडिओत गेले.

या घडामोडीत एक मराठी नाव मध्यभागी आहे, ते सी. रामचंद्र यांचे. अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे १९१८ मध्ये जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर हिंदुस्थानी संगीत शिकलेले होते. ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०) आणि भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत त्यांनी स्विंग आणि लॅटिन अमेरिकन लयी मोकळेपणाने वापरल्या. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते आणि ‘अलबेला’मध्ये ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. भगवानदादा म्हणजे भगवान आबाजी पालव, गिरणगावातून वर आलेले कलावंत. न्यू ऑर्लिन्सची लय मुंबईच्या चाळीत पोचली ती अशी. ताजची तिकिटे ज्यांना परवडत नव्हती, ते चित्रपटगृहाच्या पुढच्या रांगांत बसून त्या लयीवर डोलू लागले.

आता पुन्हा तोच प्रश्न. चित्रपटाचे गाणे कसे तयार होत असे? संगीतकार चाल बांधे. ती वाद्यवृंदासाठी लिहून काढणे, कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते ठरवणे, अंतऱ्यांमधील वाद्यसंगीत सजवणे, हे काम ‘अरेंजर’ करी. शंकर-जयकिशन यांच्यासाठी दीर्घकाळ हे काम करणारे सेबास्टियन डिसोझा गोव्याचे. अशा वादकांची आणि अरेंजरची नावे श्रेयनामावलीत बहुधा येतच नसत, आली तर ‘साहाय्यक’ म्हणून. रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक एवढीच नावे असत.

माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांची कथा या संदर्भात महत्त्वाची आहे. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी शिकवले. १९५८ मध्ये भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा सिम्फनी वाद्यवृंद त्यांनी उभारला. १९६० च्या दशकात ते अमेरिकेत गेले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यात त्यांचे पूर्ण नाव आले. ती त्यांच्या शिष्याने, प्यारेलाल यांनी, दिलेली मानवंदना होती. देशभर लोकांच्या तोंडी ते नाव बसले. पण असा माणूस खरोखर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

मात्र याचा अर्थ संगीतकारांचे श्रेय खोटे होते, असा काढू नका. रामचंद्रांनी ‘अनारकली’ (१९५३) मध्ये रागदारीवर आधारलेले संगीत दिले, तेही त्यांचेच. चाल त्यांची होती, निवड त्यांची होती. मुद्दा एवढाच की, गाणे अनेकांच्या श्रमातून उभे राहते आणि नोंद मात्र थोड्यांची होते.

६. दिल्ली : सरकारचे दूत आणि एक साळुंकी

२७ जानेवारी १९६३ रोजी नवी दिल्लीत, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत, लता मंगेशकर यांनी चीन युद्धातील शहीद जवानांवरचे कवी प्रदीप यांचे गीत गायले. संगीत होते सी. रामचंद्र यांचे. त्याच वर्षी, पावसाळा सरताना, याच शहरात ड्यूक एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन आले. तोवर जॅझ हॉटेलच्या दालनातून परराष्ट्र धोरणात शिरला होता.

शीतयुद्धात सोव्हिएत संघ अमेरिकेच्या वर्णभेदावर बोट ठेवत असे. त्याला उत्तर म्हणून अमेरिकन परराष्ट्र खात्याने १९५६ पासून जॅझ कलावंतांना परदेश दौऱ्यांवर पाठवायला सुरुवात केली. पहिला मान डिझी गिलेस्पी यांचा. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक भारतात येऊन गेले. यातला विरोधाभास कलावंतांना नीट कळत होता. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत जाऊ देण्यावरून संघर्ष झाला, तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी सोव्हिएत संघाचा सरकारी दौरा नाकारला. ब्रुबेक गोरे होते, पण बँडमधील काळे बासवादक यूजीन राइट यांना वगळायला त्यांनी नकार दिला आणि दक्षिणेतील अनेक महाविद्यालयांतील कार्यक्रम गमावले.

एलिंग्टन यांचा दौरा सुरू असतानाच, १५ सप्टेंबर १९६३ रोजी, अलाबामातील बर्मिंगहॅम येथे काळ्या लोकांच्या चर्चमध्ये बाँबस्फोट झाला आणि चार मुली मारल्या गेल्या. परदेशात देशाची प्रतिष्ठा सांभाळणाऱ्या वादकांचे नातलग मायदेशी मतदानाच्या हक्कासाठी झगडत होते. नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि हा दौरा अर्धवट थांबला.

दिल्लीच्या मुक्कामातून एक सुंदर रचना मात्र उरली. एलिंग्टन यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनी येथे एका साळुंकीचा आवाज ऐकला आणि त्या आवाजावरून क्लॅरिनेट या वाद्यासाठी ‘ब्लूबर्ड ऑफ डेल्ही’ ही रचना केली. १९६६ च्या डिसेंबरमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फार ईस्ट स्वीट’मध्ये ती आहे. येथेही श्रेयाचा प्रश्न सुटत नाही. एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ओळख बनलेली ‘टेक द ए ट्रेन’ ही रचना स्ट्रेहॉर्न यांची, पण कित्येक श्रोते ती एलिंग्टन यांचीच समजतात. म्हणजे श्रेय निसटण्यासाठी दरवेळी वर्णभेदच लागतो असे नाही. मोठ्या नावाची सावलीही पुरते.

दिल्लीने या संगीताचे दुसरे रूपही पाहिले होते. फेब्रुवारी १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि कोरेटा किंग दिल्लीत उतरले आणि तेथून भारतभर फिरले. आपण जितकी भाषणे केली जवळजवळ तितकीच गाणी कोरेटा यांना म्हणावी लागली, कारण भारतीयांना स्पिरिच्युअल गीते फार आवडली, असे किंग यांनी नंतर लिहिले. गुलामांची गीते, बारडोलीची भेट आणि अमेरिकेतील नागरी हक्क चळवळ, हे धागे येथे जोडले जातात.

आजच्या दिल्लीत जॅझचे क्लब आहेत, पण अमेरिकन संगीताचा सर्वांत जिवंत वारसा हिपहॉपमध्ये दिसतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समध्ये जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने वाजवलेल्या घरगुती पार्टीपासून या प्रकाराचा आरंभ मानतात. पश्चिम दिल्लीतील टिळकनगरचे प्रभ दीप पंजाबीत, तर ‘सीधे मौत’ ही जोडी हिंदीत आपल्या शहराविषयी रॅप करते. वाद्य परवडत नसले तरी लय आणि शब्द आपले असतात. १७४० मध्ये ढोल गमावलेल्या माणसांनीही याच आधारावर गाणे टिकवले होते.

७. अभ्यास कसा करावा?

या इतिहासाची साधने विखुरलेली आहेत : रेकॉर्डवरील लेबले, हॉटेलांच्या वर्तमानपत्रांतील जाहिराती, चित्रपटांची श्रेयनामावली, छायाचित्रे आणि वादकांच्या आठवणी. पहिल्या तीन साधनांत मालक, नायक आणि प्रसिद्ध नावे आढळतात. बाजूला उभ्या असलेल्या वादकाला शोधायचे तर आठवणींकडे आणि घराघरांतील कागदांकडे वळावे लागते. दिल्ली परिसरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीतविषयक अभिलेखागार जरूर पाहावे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहात क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे जतन केली आहेत. ध्वनिमुद्रणासोबत गायक, गाव, तारीख आणि प्रसंग यांची नोंद ठेवली नाही, तर पन्नास वर्षांनी तो आवाज निनावी होतो, हे तेथे नीट उमगते.

सारांश

अमेरिकन संगीत आफ्रिकी, युरोपीय आणि इतर धारांतून, पण विषम परिस्थितीत घडले. ते भारतात आले ते वर्णभेद आणि मंदी यांमुळे घर सोडलेल्या वादकांबरोबर. चर्चच्या शाळांत शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी ते स्वीकारले, सी. रामचंद्र यांच्यासारख्या संगीतकारांनी ते चित्रपटांतून घरोघरी नेले आणि शीतयुद्धात ते दिल्लीत राजनैतिक साधन बनले. प्रत्येक टप्प्यावर संगीत पुढे गेले आणि काही नावे मागे राहिली. ती नावे शोधून जागेवर ठेवणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

स्वाध्याय

१. १७४० चा साउथ कॅरोलायनातील कायदा आणि अमेरिकन संगीतातील लय यांचा संबंध स्पष्ट करा.
२. ‘पहिली नोंद म्हणजे पहिली घटना नव्हे.’ १९१७ च्या जॅझ रेकॉर्डच्या आधारे चर्चा करा.
३. स्वातंत्र्यानंतर मुंबईतील हॉटेलांचे वादक चित्रपटसृष्टीकडे का वळले? तीन कारणे लिहा.
४. १९६३ मधील एलिंग्टन यांच्या दौऱ्यातील विरोधाभास तुमच्या शब्दांत मांडा.
५. तुमच्या गावातील बँड, भजनी मंडळ, शाहिरी पथक किंवा रॅप करणारा गट निवडा. त्यातील प्रत्येक सदस्याचे नाव, वाद्य किंवा काम, गुरू आणि मिळणारे मानधन यांची नोंद करा. कार्यक्रमाच्या फलकावर यांपैकी किती नावे आहेत, ते पाहा आणि त्यावर एक पान लिहा.